आन्याचा काना

नात झाली म्हणून सुलभाताई अमेरिकेत फ्रीमाँटला आल्या आणि तिच्या नावाशी अडखळल्या. त्यांच्या मुलानं, रवींद्रनं, वेबसाइट बघून 'आन्या' ठरवलं होतं.

"संस्कृत आहे, आई. युनिकपण आहे."

"अन्या?"

"आन्या. काना आहे."

काना कागदावर टिकतो, हाकेत नाही. सुलभाताई लग्न होऊन नाशकात आल्या तेव्हा धाकटा दीर अनंता शाळेत होता. तेव्हापासून त्याला "अन्या, ऊठ मेल्या!" अशी हाक. आता 'अन्या' म्हटलं की मागोमाग 'मेल्या' येणारच, आणि बारशाला बाळाच्या कानात 'मेल्या' म्हणजे शोभाच! म्हणून त्या नातीला नुसतं "ए बाळा" म्हणत.

रवींद्र दुखावला. "आत्या येत नाहीये, नाव तूच सांगायचंस. जमणार नसेल तर निधीची आई सांगेल. अर्विंगहून येतातच आहेत त्या."

विहीणबाई! सुलभाताईंची झोप उडाली.

बागेत त्यांना नातवाला फिरवणारी गालिना ही रशियन आजी भेटे. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे गप्पा छान रंगत.

"आन्या? आमचं नाव!" गालिना खूश झाली. "कागदावर काय?"

"कागदावर पण आन्या."

गालिनानं कपाळावर हात मारला. आन्या हे घरातलं नाव. पासपोर्टावर आन्या म्हणजे आपल्याकडे 'बबडी' लिहिण्यासारखं. कागदावर हवं आन्ना!

"अण्णा?" सुलभाताईंनी पदर सावरला. अण्णा म्हणजे सासरे.

मूळ नाव रशियनसुद्धा नव्हे, हिब्रू, अर्थ कृपा. राग आला की आन्का. हाक मारताना शेवट गिळून नुसतं 'आन'. आणि लाडात? आनेच्का.

रागाचं नाव वेगळं, लाडाचं वेगळं. म्हणजे माणसं आपल्यातलीच. अन्याच्या वाट्याला तेवढं जन्मभर रागाचंच आलं होतं.

रविवारी त्या पाळण्यावर वाकल्या. आधी हळूच "आनेच्का, आनेच्का" म्हणून जीभ वळवून घेतली. मग कानात कुर्रर्र, आणि खणखणीत:

"आन्या!"

"ओ, वहिनी!" लॅपटॉपवर नाशकातून बारसं बघता बघता पेंगलेला अनंता दचकून जागा झाला.

"तुला नाही रे, मेल्या!"

सगळे हसले, रवींद्र सगळ्यात जास्त. मेल्या ज्याचा त्याला पोचला होता. पाळण्यात आता नुसती आन्या होती, कान्यासकट.