चार धाग्यांचा रुजू अहवाल

मी सुचिताबाईंचा रुजू अहवाल बोलतोय. कागदाचा नव्हे. तो त्यांच्या घरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून झोपलेला असतो. मी त्याची स्कॅन केलेली प्रत. १३ मार्च २०२३ या दिवशी, सोमवारी सकाळी, मुरूडच्या एका झेरॉक्सच्या दुकानात माझा जन्म झाला. दुकानदार कानाला फोन लावून कुणाशी तरी भांडत होता, त्यामुळे कागद यंत्रात आडवा गेला आणि मी आडवाच जन्मलो. नाव ठेवलं ‘स्कॅन ०००७’. बारशाला एवढा वेळ पुरे झाला.

माझ्या अंगावर मजकूर थोडाच आहे. ‘मी आज दि. १५ जून २००९ रोजी मध्यान्हपूर्व काशीद येथील शाळेत सहशिक्षिका म्हणून रुजू झाले.’ खाली चोवीस वर्षांच्या मुलीची सही आणि संस्थेचा गोल शिक्का. बस.

आता एवढ्याशा गोष्टीला स्कॅन करायची वेळ का आली, ते सांगतो. बाईंच्या शिक्षण संस्थेच्या अकरा शाळा, आणि कार्यालय तळा गावात. संस्थेने शिक्षकांची ज्येष्ठता यादी काढली. त्यात बाईंच्या नावापुढे २००९ ऐवजी २०१० टाईप झालं. त्याच शाळेतले पियूष सर डिसेंबर २००९ मध्ये लागलेले, म्हणजे बाईंना सहा महिन्यांनी धाकटे. ते एका आकड्याच्या जोरावर वर सरकले. काशीदचे मुख्याध्यापक मे २०२५ मध्ये निवृत्त होणार होते. त्यांच्या खुर्चीवर कोण बसणार, ते ही यादी ठरवणार होती. हरकतीची मुदत १५ मार्च.

बाईंनी हरकत लिहिली, मला तिला जोडलं आणि तेरा तारखेला मधल्या सुट्टीत ईमेल केली. पत्ते संस्थेच्या लेटरहेडवरून उतरवून घेतले होते: संस्थेचं कार्यालय, मुख्याध्यापक आणि अध्यक्ष. चौथी प्रत त्यांच्याच ‘पाठवलेले’ या खणात राहिली. चार ठिकाणी गेलो म्हणजे आपण चार झालो, असं मला वाटलं. थोडा गर्वही झाला. तो दीड सेकंद टिकला.

संस्थेच्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ईमेलची नोंद नवी मुंबईतल्या एका थंड खोलीत राहते. तिथल्या यंत्राला संग्रह म्हणतात. त्याच्या दारात नाव-गाव कुणी विचारत नाही. ते यंत्र तुमच्या अंगावरचा प्रत्येक ठिपका हिशेबात घेऊन एक लांबलचक आकडा काढतं. त्याला ठसा म्हणा. एक ठिपका इकडचा तिकडे झाला तरी अख्खा ठसा बदलतो. नाव बदललं तर मात्र काही बदलत नाही. ‘अर्ज’, ‘अर्ज अंतिम’, ‘अर्ज अंतिम खरा’ अशी तीन नावं लावून तोच अर्ज आला, तरी यंत्र त्याला बरोबर ओळखतं.

माझा ठसा निघाला. यंत्राच्या ठशांच्या वहीत तो नव्हता. मला जागा मिळाली. लगेच माझी दुसरी प्रत दारात आली. ठसा तोच. ‘हा आत आहे,’ असं म्हणून यंत्राने तिला टाकून दिलं आणि तिच्या पाकिटापासून माझ्यापर्यंत एक धागा बांधला. तिसरीचं, चौथीचं तेच. पाकिटं चारही ठेवली, कारण कुणी, कुणाला, कधी पाठवलं ते पाकिटावरच असतं. आतला माल एकच, तो मी. चार पाकिटं, चार धागे, एक अहवाल.

तेव्हा मला कळलं की इथे आयुष्य धाग्यांत मोजतात. शेवटचा धागा सुटला की सफाईची फेरी येते आणि तुम्हाला पुसून जागा मोकळी करते. माझ्या शेजारी दिवाळीच्या शुभेच्छांचं एक चित्र राहतं. पणती, फुलबाजी आणि शुद्धलेखनाच्या दोन चुका. सगळ्या शाळांना गेलेलं, मग सगळ्यांनी सगळ्यांना पुढे ढकललेलं. त्याला चारशे बारा धागे आहेत. ज्याचा कुणाला उपयोग नाही त्याचं आयुष्य किती बळकट असतं, हे पाहून मी अचंबित झालो.

पुढच्या शनिवारी एक ओळखीचा चेहरा दारात आला. हुबेहूब मीच, पण मान सरळ आणि कपाळावर जांभळा शिक्का: ‘आवक, १८ मार्च’. यंत्राने ठसा काढला. निराळा. त्यालाही स्वतंत्र जागा दिली. हा सीतारामभाऊंचा उद्योग.

सीतारामभाऊ संस्थेचे मुख्य लिपिक. सज्जन माणूस. त्यांची ठाम समजूत अशी की ईमेल ही एक अफवा आहे. कागदावर छापून, शिक्का मारून, आवक वहीत चढवली की तिचं टपाल होतं. छपाई ते दर शनिवारी करत. छापलेला कागद पुन्हा स्कॅन करून स्वतःच्याच पत्त्यावर पाठवत आणि मूळ ईमेल पुसून टाकत. तेरा तारखेला आलेली हरकत अशा रीतीने अठरा तारखेला ‘आली’. मुदत पंधराची. शेरा पडला: ‘विलंबाने प्राप्त, दप्तरी दाखल.’ यादी अंतिम झाली. बाईंनी दोनदा विचारलं, दोनदा तोच शेरा मिळाला. मग त्यांनी ठरवलं, खुर्ची रिकामी होईल तेव्हा सुनावणी मागायची.

संग्रहाला एक नियम होता, तोही संस्थेने ठराव करून घालून दिलेला. कर्मचाऱ्यांची पत्रं दोन वर्षं ठेवायची, विश्वस्तांची कायम. मोठ्या माणसांची पत्रं मोठी, असा साधा हिशेब. त्यामुळे १३ मार्च २०२५ च्या सकाळी माझे तीन धागे एकदम कापले गेले. कार्यालयाचा, मुख्याध्यापकांचा आणि बाईंचा स्वतःचा. पाकिटंही गेली. उरला एक.

मे महिन्यात तळ्याला सुनावणी झाली. तुम्ही विचाराल, नवी मुंबईत बसून मला तिथलं कसं कळलं? बाईंच्या पेन ड्राइव्हवर माझी प्रत होती. आमच्यात मूळ आणि नक्कल असा भेद नाही. ठसा तोच असेल तर तोही मीच.

टेबलाच्या टोकाला अध्यक्ष धर्माजी. भातशेती करणारा, सरळ बोलणारा म्हातारा. शेजारी सीतारामभाऊ आवक वही उघडून. समोर बाई. कोपऱ्यात ईमेलचं काम बघणारा भावेश, लॅपटॉप घेऊन.

“तारीख चुकल्ये, हे तर आम्हाला मान्यच हाय बाई,” धर्माजी म्हणाले. “सेवापुस्तकात २००९ च हाय.”

“मग दुरुस्त करा ना, दादा.”

“मुदतीनंतर आली ना हरकत. एकाला सूट दिली की अकरा शाळा दारात उभ्या राहतील.”

“मी तेराला पाठवलीय.”

“शिक्का अठराचा आहे,” सीतारामभाऊ वहीवर बोट ठेवून म्हणाले. “बाई, पाठवल्याचं काही दाखवा.”

बाईंकडे दाखवायला काही नव्हतं. खातं भरलं म्हणून दीड वर्षापूर्वीच त्यांनी पाठवलेली पत्रं पुसली होती. सोळा वर्षांच्या नोकरीनंतरची मुख्याध्यापकाची खुर्ची आता एका तारखेवर अडली होती, आणि ती तारीख फक्त त्यांच्या तोंडी होती.

“भावेश, त्या संग्रहात नसेल का रे?” त्यांनी विचारलं.

“मॅडम, तुमच्या खात्यात नाय. दोन वर्षं झाली ना, उडालं. ऑफिसचंपण उडालं.” मग त्याने लॅपटॉप पुढे ओढला. “पण ती फाईल आहे का तुमच्याकडे? सेम टू सेम तीच?”

बाईंनी पेन ड्राइव्ह काढला. भावेशने मला उघडलं आणि मी पडद्यावर आडवा झोपलेला दिसलो.

सीतारामभाऊंना ते बघवेना. “अरे, असा आडवा काय ठेवलाय! थांब, सरळ करून सेव्ह करतो,” म्हणत त्यांनी माऊस ओढून घेतला.

“नको काका! सेव्ह मत करो!” भावेश ओरडला. “हात काढा आधी!”

“अरे, मी काय फाडतोय का तुझी फाईल?”

“फाडली असती तरी चाललं असतं काका, मॅडमकडे कागद आहे. तुम्ही सरळ केली की ठसा बदलतो. मग मशीन बोलेल, असला कोण माझ्याकडे आलाच नाय.”

सीतारामभाऊंनी बोट उचललं. त्या बोटाखाली माझा सगळा पूर्वेतिहास होता. त्यांना कल्पना नव्हती, आणि असती तर त्यांनी आधी त्यावर शिक्का मारला असता.

भावेशने ठसा काढून संग्रहाला विचारला. यंत्राने माझ्याकडे बघितलं. उत्तर गेलं: आहे. धागे, एक.

“आहे मॅडम! एक जण सांभाळून बसलाय. पण नाव दाखवत नाय. विश्वस्ताचं खातं आहे, त्यांची परवानगी लागेल.” त्याने विश्वस्तांची यादी पुढे ठेवली. “लेटरहेडवर कुणाचा पत्ता होता?”

“अध्यक्षांचा,” बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी धर्माजींकडे बघितलं. धर्माजींनी मागे बघितलं.

“माझा? मला मेल हाय?”

“सात वर्षांपासून आहे, सर.”

“आन् येतं काय त्यात?”

भावेशने आकडा वाचला. “अकरा हजार दोनशे सहा. न वाचलेले.”

“आणि वाचलेले?” सीतारामभाऊंनी विचारलं.

“एकपण नाय.”

धर्माजी हसले नाहीत. “उघड,” म्हणाले. “माझं काय लपवायचंय त्यात.”

पाकीट निघालं. पाठवणाऱ्या सुचिताबाई, तारीख १३ मार्च २०२३, वेळ दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटं. धाग्याच्या टोकाला मी.

धर्माजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “म्हंजे बाईंचं पत्र माझ्याकडं मुदतीच्या आत आलंय. आन् मीच हितं बसून उशीर झाला म्हणून सांगतोय व्हय?”

“पण दादा, कागद हातात आला की टपाल आलं, असंच आपण बत्तीस वर्षं…” सीतारामभाऊ बोलू लागले.

“सीताराम, पावणा दारात उभा असला, आन् तू शनवारी दार उघडलंस, तर तो शनवारी आला का रं?”

सीतारामभाऊंनी वही हळूच मिटली. मला त्यांची दया आली. पुढच्या सोमवारपासून ते ईमेल रोज छापू लागले, ही त्यांच्या मते मोठी क्रांतीच होती.

हरकत मान्य झाली. यादी सुधारली. पियूष सरांनी बाईंना फोन केला: “बाई, खुर्ची तुमची. मला शनिवारी तेवढं एक तास लवकर सोडत जा.” बाई म्हणाल्या, “अर्ज करा, बघू.” एवढ्यातच त्यांचा आवाज मुख्याध्यापिकेचा झाला होता.

नंतरच्या बैठकीत भावेशने विचारलं, नियम तसाच ठेवायचा का. धर्माजी म्हणाले, “माझी पत्रं कायम कशाला? मी कुठं कायम हाय. मास्तरांची पत्रं त्यांची नोकरी हाय तवर ठेवा, आमची दोन वर्सं पुरं.” ठराव एकमताने झाला. त्याप्रमाणे धर्माजींचा धागा सुटला, आणि भावेशने त्याआधी बाईंच्या खात्यातून माझ्याकडे नवा बांधला. मला हलावंसुद्धा लागलं नाही.

दोन जूनला एक नवा कोरा अहवाल संग्रहाच्या दारात आला. ‘मी आज रोजी मुख्याध्यापिका म्हणून रुजू झाले.’ यंत्राने ठसा काढला. वहीत नव्हता. त्याला जागा मिळाली.

बाई २०४३ साली निवृत्त होतील. त्या दिवशी आमचे धागे बिनदिक्कत कापा. मला कायम राहायची हौस नाही, ती शेजारच्या पणतीला असू द्या. फक्त तोवर कुणी जागा वाचवायला आलंच, तर पुसण्याआधी एक चौकशी करा: हे अजून कुणाला लागणार आहे का? तेवढं विचारलंत तर माझी काही तक्रार नाही. माझी इथे दुसरी प्रत नाही; मी एकटाच आहे, आणि एकटा पुरतो.