रस्ता ओलांडणारी खुर्ची

मित्रांनो, ज्यांना चालता येत नाही त्यांना बसवून फिरवतात, तसली मी चाकांची खुर्ची. आता जुनी झाले आहे. एका लहानशा कारखान्यात वेल्डरने माझे पाइप वाकवले, जोडले आणि मला दोन मोठी आणि दोन लहान चाके लावली. माझी उमेदीची वर्षे एका रुग्णालयात गेली. पुढे एक लहान चाक वाकडे झाले, तेव्हा मला जिन्याखाली मोडक्या खाटांच्या ढिगात टाकून दिले.

तिथल्या एक नर्सबाई निवृत्त झाल्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. जाताना त्यांनी मला मागून घेतले आणि आपल्या वस्तीत आणले. तिथल्या एका प्लंबरने माझे चाक ठोकून सरळ केले आणि वर म्हणाला, "अजून वीस वर्षं पळेल ही."

वस्तीच्या मधोमध एक रस्ता होता. दोन हातगाड्या शेजारून जेमतेम जात, एवढाच रुंद. पण वरच्या आळीचे लोक खाली जात नसत आणि खालच्या आळीचे वर येत नसत. फार वर्षांपूर्वी दोन्ही आळ्यांच्या दंगलीत घरे जळाली होती. त्यानंतर दोन्हीकडची दुकाने वेगळी झाली, मुलांच्या शाळाही वेगळ्या झाल्या.

सिस्टरने चार जणांना गोळा करून रस्त्याच्या टोकाला एक खोली घेतली आणि संस्था काढली. आजाऱ्यांना कुबड्या, खाटा आणि मला फुकट वापरायला देत. अट एकच होती. आपले काम संपले की खुर्ची खोलीवर आणायची नाही. पुढच्या गरजूच्या घरी स्वतः पोचवायची आणि कशी वापरायची ते शिकवायचे. ते पुढचे घर सिस्टर नेहमी पलीकडच्या आळीतले निवडत.

सुरुवातीला लोक कुरकुरले. खुर्ची द्यायची तर द्या, वर ही हमाली कशाला, असे म्हणत. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, तसा त्याला हट्टही परवडत नाही. लोक मला ढकलत पलीकडे नेऊ लागले. आधी दारातूनच परतत. मग कुणी विचारी, तुमच्या आईला कोणत्या औषधाने बरे वाटले? मग कुणी चहा पुढे करी. माझ्यावर बसलेली बरीच माणसे पुन्हा चालू लागली, म्हणून दोन्ही आळ्यांत मला पायगुणाची म्हणत. पाय नसलेल्या मला! मला त्याचा फार अभिमान वाटे.

अशी नऊ वर्षे गेली. त्या प्लंबरच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. तो वरच्या आळीतला. वडील आठ महिने माझ्यावर बसले आणि मग गेले. पुढची पाळी खालच्या आळीतल्या शिंप्याच्या आईची होती. तिचे खुब्याचे हाड मोडले होते. सोमवारी प्लंबरने मला तिच्याकडे न्यायचे ठरले.

शनिवारी बाजारात दोन तरुणांची धक्काबुक्की झाली आणि एकाला सुरी लागली. संध्याकाळपर्यंत अफवांत एकाचे दहा झाले. रस्त्यावर बांबू आडवे बांधले गेले. सिस्टरने प्लंबरला थांबायचा निरोप धाडला. त्याची बायकोही नको म्हणाली. पण तो ऐकेना.

"म्हातारी आठवडाभर पडून आहे. पाठीला जखमा व्हायला लागल्या," तो म्हणाला. "आणि मला कोण काय करणार? तिकडच्या निम्म्या घरांतले नळ मीच बसवलेत."

सोमवारी सकाळी अकराला तो मला घेऊन निघाला. माझा ब्रेक ढिला झाला होता, तो तिथेच आवळून द्यावा म्हणून त्याने खांद्याला पिशवी अडकवली.

बांबूपाशी सात-आठ तरुण उभे होते. दोघे खालच्या आळीतले, बाकीचे कुठून आले होते कोण जाणे. गादीत काही लपवले असेल म्हणून त्यांनी माझी बैठक सुरीने फाडली. आत स्पंजच निघाला. मग एकाने विचारले, "पिशवीत काय आहे?"

"हत्यारं," तो सहज म्हणाला.

मित्रांनो, कारागीर आपल्या पान्या-पकडींना हत्यारेच म्हणतो. त्या तरुणांनी दुसरा अर्थ घेतला.

पुढचे मला सांगवत नाही. मी तिथेच आडवी पडले होते. मला माड्यांच्या खिडक्या दिसत होत्या आणि त्यांतले चेहरे ओळखीचे होते. निवृत्त मास्तर होते. पाय बरा झालेली बेकरीवाली होती. दोघेही माझ्यावर बसलेले, दोघांच्याही स्वयंपाकघरात प्लंबरने काम केलेले. कुणी बोलले नाही. आवाज आला तो एकच, शिंप्याच्या घरातून.

"अरे, तो माझ्याकडं येतोय. माझी खुर्ची घेऊन येतोय. सोडा त्याला."

तिला खाटेवरून उठताही येत नव्हते. तिने पुन्हा हाक मारली, आणि खिडकी बंद झाली.

प्लंबर तिसऱ्या दिवशी रुग्णालयात वारला.

सिस्टरने मला गटारातून ओढून खोलीवर नेले. वरच्या आळीच्या लोकांनी कुबड्या आणून दारात टाकल्या. संस्थेतले बाकीचे चौघे येईनासे झाले.

तीन आठवड्यांनी शिंपी खोलीवर आला. त्याने जाड दोऱ्याने माझी फाटलेली बैठक शिवली आणि मला घेऊन गेला. आईला उचलून खाली आणले, माझ्यावर बसवले आणि रस्ता ओलांडला. प्लंबरच्या दारात त्याची बायको उभी होती.

"मी हाक मारली होती गं," म्हातारी म्हणाली.

प्लंबरच्या बायकोने शिंप्याकडे पाहिले. "तुम्ही कुठं होता?"

"घरीच," तो म्हणाला. "खिडकी मी लावली."

ती रडली नाही. "आत या असं म्हणवत नाही मला," एवढे बोलून तिने दार लावून घेतले. दोघे आल्या वाटेने परतले. म्हातारी त्यानंतर घराबाहेर पडली नाही. दोन महिन्यांनी ती गेली, तेव्हा शिंप्याने मला सिस्टरच्या घरी आणून सोडले, कारण संस्थेची खोली बंद झाली होती. आता मी सिस्टरच्या गॅलरीत असते. मला न्यायला कुणी येत नाही.

आम्हा वस्तूंना शेवटी काहीतरी मागायची सवय असते. मला तेल घाला, असे मी म्हणणार नाही. मी इतकेच मागते, की ओळखीच्या माणसाला कुणी घेरलेले दिसले, तर त्याला मोठ्याने नावाने हाक मारा. खाली धावून जायचे धैर्य सगळ्यांत नसते, हे मला ठाऊक आहे. पण एकाने हाक मारली, तर दुसऱ्याचाही आवाज फुटू शकतो. त्या दिवशी त्या रस्त्यावर अकरा खिडक्या होत्या, आणि त्याचे नाव त्या सगळ्यांना माहीत होते.