पडल्याचे पेढे

एका माणसाला

अमेरिकेतल्या बॉथेल गावात मतपत्रिका पोस्टानं घरी येते. निमिषच्या घरी ती येत नाही. त्याच्या घरी येते ती उमेदवारांच्या माहितीची पुस्तिका, कारण ती सरसकट प्रत्येक दारी पाठवतात, आत नागरिक राहो की व्हिसावरचा इंजिनिअर. शेजारीपाजारी ती थेट रिसायकलिंगच्या डब्यात टाकतात. निमिष चहाचा कप घेऊन पहिल्या पानापासून वाचायला बसतो. पाणीपुरवठ्याच्या जागेला उभा असलेला माणूस फावल्या वेळात मधमाश्या पाळतो, हेही त्याला पाठ असतं.

"परीक्षा आहे का तुझी?" राधिका, त्याची बायको, दरवर्षी विचारते.

परीक्षेला बसूच देत नव्हते, हे तर खरं दुखणं. नागपूरला अठरा पूर्ण झाली तेव्हा तो पुण्यात कॉलेजला. पुण्यात मतदार यादीत नाव घालायचं म्हणेपर्यंत नोकरी मुंबईला. मुंबईत ऐन मतदानाच्या आठवड्यात अमेरिकेचा व्हिसा आला. मग बॉथेल, आणि ग्रीन कार्डची ती रांग, जिच्यात माणसं म्हातारी होतात पण पुढे सरकत नाहीत.

त्रेचाळीस वर्षांत

सिटी कौन्सिलच्या सभेत मात्र कोणालाही तीन मिनिटं बोलता येतं. निमिष एकदा बोलला होता. लेकीच्या, इलाच्या शाळेपुढच्या रस्त्यावर मुलांना ओलांडायला पांढरे पट्टे हवेत, एवढंच. अध्यक्षीणबाई "थँक यू फॉर युअर कमेंट" म्हणाल्या आणि पुढच्याच महिन्यात पट्टे आले. रविवारी तो घरच्या सगळ्यांना ते पट्टे दाखवायला घेऊन गेला. लोक धबधबे दाखवायला नेतात तसा.

म्हणजे या गावाबद्दल त्याची तक्रार नव्हती. उलट माया होती. फक्त लायब्ररीबाहेर मतपत्रिका टाकायची ती उभी पेटी आहे ना, तिच्यावरून जाताना गाडी आपोआप हळू व्हायची.

न मिळालेली गोष्ट

आणि एका रविवारी नेत्राचा फोन आला.

नेत्रा त्याची धाकटी बहीण. दोन वर्षांपूर्वी नर्सच्या नोकरीवर इंग्लंडातल्या एका शहरात गेलेली. बोलता बोलता म्हणाली, "गुरुवारी इथं सिटी कौन्सिलचं इलेक्शन आहे. मला मत आहे म्हणे. मी काही जात नाही."

"तुला? तू तर भारतीय."

"कॉमनवेल्थ ना, दादा. आपला पासपोर्ट दाखवायचा आणि मत द्यायचं."

"आपलाच? निळा?"

"मग काय गुलाबी?"

निमिष खुर्चीत सरळ बसला. "आणि तू जाणार नाहीस?"

"कोणासाठी जाऊ? कचरा तीन आठवडे दारात सडतोय. मोठ्या दोन पक्षांचे लोक येतात आणि एवढंच सांगतात की त्या दुसऱ्याला पाडायचं तर आम्हाला द्या. परवा एक बाई म्हणते, तुम्ही नर्सेस तर आमच्याच! मी काय यांच्या फडताळातली बरणी आहे?"

"बाकी कोणी असतील ना."

"बाकी जत्रा आहे. एक 'पुरे झालं' पक्ष. ते सगळ्यांना घरी पाठवणार. आधी नगरसेवकांना, मग आपल्याला."

"मग त्यांना तरी—"

"का? तिकीट ते काढत असतील तर मला आईकडे जायचंच आहे."

"नेत्रा!"

"एक माणूस रस्त्यावरचा खड्डा बनून फिरतो. काळा पुठ्ठा घालून. आणि एक जॅनिस नावाची म्हातारी. रात्रीची बस परत सुरू करा, बस्स. बाकी अक्षर नाही."

मग निमिष बोलला. तीन मिनिटांच्या वर बोलला. चिल्लर पक्षांना देऊन मत वाया घालवू नये, मोठ्यांतला जो त्यातल्या त्यात बरा त्याला द्यावं, लोकशाही अशानंच टिकते, वगैरे.

"एवढं कळतं तर तूच ये ना मत द्यायला," नेत्रा वैतागून म्हणाली.

जेवणाच्या टेबलावरून इलानं मान वर केली. "पण बाबा, यू कान्ट व्होट हिअर, अँड यू कान्ट व्होट देअर."

"थँक्यू, बेटा," निमिष म्हणाला. हसत म्हणाला. फोन मात्र त्यानं लवकर ठेवला.

धाकट्या बहिणीनं

गुरुवारी दुपारी ऑफिसची मीटिंग चालू असताना पुन्हा तिचा फोन. तिकडे रात्र पडत आलेली. निमिष उठून पार्किंगमध्ये गेला आणि गाडीत बसला.

"दादा, ड्यूटीवरून थेट आले. चर्चच्या हॉलच्या गेटापाशी उभी आहे."

"मत द्यायला?"

"नाही, बाप्तिस्मा घ्यायला! तुझं ते 'थँक्यू, बेटा' डोक्यातून जाईना, म्हणून आले. आता ऐक. मला वाटलं आपल्याकडच्यासारखं एकच मत असेल. दारावर लिहिलंय, वॉर्डात दोन जागा आहेत. दोन फुल्या मारायच्या."

"बरं."

"एक तुझी."

गेटापाशी उभं राहून

"माझी म्हणजे?"

"तू सांगशील त्या नावावर. भाषण नको, पाय दुखताहेत."

इतक्या वर्षांच्या पुस्तिका, इतक्या अधोरेखित ओळी. एक नाव सुचेना. समोर मेपलच्या पानांवर ऊन पडलं होतं. त्यानं भलतंच विचारलं, "घरी कशी जाणार तू?"

"चालत. रात्रीची बस बंद केली ना. रोजच चालते. पुलाखाली जरा अंधार असतो, तिथं किल्ल्या बोटांत धरते."

"किल्ल्या कशाला?"

"मागून कोणी आलं तर," ती म्हणाली. मग त्याच्या लक्षात आलं.

"हे कधी सांगितलं नाहीस."

"सांगून काय होणार होतं? बॉथेलहून बस पाठवणार होतास?"

"जॅनिस," निमिष म्हणाला.

"अरे, ती पडेल! रविवारी तूच तर म्हणत होतास, चिल्लर—"

"जॅनिसला दे. पेन्सिल दाबून मार."

दिली

ती आत गेली. निमिष स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिला, गाडी बंदच होती.

"झालं," नेत्रा म्हणाली. "तुझं जॅनिसला. माझं मी खड्ड्यात घातलं. दादा, ती इथंच बाहेर खुर्ची टाकून बसलीये. छातीवर बसच्या जुन्या तिकिटांचा बिल्ला. तिला सांगितलं, ही एक फुली माझ्या अमेरिकेतल्या भावानं सांगितलेली. तर म्हणते, त्याला माझ्यातर्फे आभार सांग. आणि नवऱ्याला खुर्चीवर बसवून पुलापलीकडे सोडायला येतेय मला. पूर्ण गळ्यात पडलीये."

"फोन चालू ठेव."

तिनं फोन चालू ठेवला. मीटिंग संपली असेल किंवा नसेल. निमिष ऐकत होता. पावलं दोघींची होती. म्हातारी काहीतरी सांगत होती, नेत्रा हसत होती. मधेच आवाज घुमायला लागले, म्हणजे पूल आला असावा. मग पुन्हा मोकळे झाले.

शुक्रवारी निकाल लागला. मोठ्या पक्षांनी एकेक जागा घेतली, खड्डा तिसरा आला, जॅनिस त्याच्याही खाली.

सोमवारी निमिषनं इंडियन स्टोअरमधून आणलेला पेढ्यांचा मोठा बॉक्स ऑफिसात कॉफी मशीनशेजारी उघडून ठेवला आणि येईल त्याच्या हातावर स्वतः पेढा ठेवू लागला. टीममधला संजीव आला.

"काय यार, ग्रीन कार्ड?"

"छे. इलेक्शन होतं. आमची बाई पडली."

"पडली? मग पेढे कसले?"

"पडलो ना," निमिष म्हणाला, आणि त्याच्या हातावर आणखी एक ठेवला. "पहिल्यांदाच."