घंटेसाठी जाड स्प्रिंग

इंग्लंडमधल्या डडली गावात आपल्या शेडमध्ये चाळीस वर्षं छर्‍याच्या बंदुका दुरुस्त करून डेस्मंड ट्रँटर आता विटला होता. त्यात नॉरिस हॅडली दोन वर्षांत तिसऱ्यांदा आपल्या बंदुकीची स्प्रिंग बदलून घ्यायला आला.

"या वेळी जाड तारेची घाल," नॉरिस म्हणाला. "गुरुवारी पबातल्या नेमबाजीच्या सामन्यात माझा छर्रा पत्र्याच्या भोकातून बरोबर गेला, पण मागची घंटा नुसती कण्हली. पंचाने हात वर केला म्हणून लागल्याचं कळलं. बंदुकीत दमच नाही उरलेला."

डेस्मंडने बंदूक खोलली, आतली स्प्रिंग काढून तशाच कोऱ्या स्प्रिंगशेजारी टेबलावर ठेवली. दोन्हींची लांबी तंतोतंत सारखी. कुठे वाकलेली नाही, दबलेली नाही.

"जाड घातली तर धक्क्याने तुझा नेम हलेल. सहा यार्डांवरच्या घंटेला कशाला हवाय एवढा जोर?"

"मला नको शिकवूस. घाल," नॉरिस त्याच्या ओठांकडे बघत म्हणाला.

वाद घालायचं त्राण डेस्मंडमध्ये नव्हतं. त्याने जुनीच स्प्रिंग ग्रीस लावून परत बसवली आणि शेडच्या टोकाला चाचणीसाठी लावलेल्या तशाच पत्र्याच्या भोकात छर्रा मारला. मागची घंटा अशी खणखणली, की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

नॉरिस अजून पत्र्याकडेच बघत होता. "लागला का रे?"

डेस्मंडने बंदूक खाली ठेवली. स्प्रिंगचं कोडं सुटलं होतं. पण ते आता नॉरिसला सांगायचं, तर ओरडूनच सांगावं लागणार होतं.