कापडी बाळाची मान

उकंडानं ब्लेडनं बाळाची मान उसवली आणि आतला कापूस ओढून सतरंजीवर टाकला. दुपारचे तीन वाजले होते. समोर कौसल्या सुपात तूर घेऊन खडे निवडत बसली होती.

"कालच तं शिवलं होतं न हे," ती म्हणाली. "आता काय झालं त्याले?"

"मान कडक झाली."

"काय बापा! पब्लिक काय बाळाची मान पाहाले येते?"

उकंडानं उरलेला कापूसही ओढून काढला. बोलायचं त्राणच उरलं नव्हतं. दोन दिवसांनी यवतमाळला स्पर्धेत अश्वजितनं बसवलेलं नाटक होतं आणि गेल्या आठ दिवसांत ह्या एकट्या माणसानं थर्माकोलचा पिंपळ, पुठ्ठ्याची खिडकी, पडेल पण फुटणार नाही असा माठ, असं सगळं उभं केलं होतं. डोळ्यांची आग होत होती. बोटांवर फेव्हिकॉलची सालपटं धरली होती. नाटकवाल्यांना काय, चहा पिता पिता सांगून मोकळे, काका, एक बाळ लागते. जसं काही किराणा दुकानातून पुडा आणायचा आहे.

सकाळी तालमीत प्रियंकानं ते बाळ घेऊन प्रवेश केला. रडली झकास, पण लाटणं धरावं तसं बाळाला मधोमध धरून. अश्वजितनं चार वेळा शिकवलं, पाचव्यांदा तो तिच्यावर ओरडला. पोरगी बावीस वर्षांची, तिला कुठून माहीत असणार? उकंडा मागे पिंपळाला तार बांधत होता, त्याला चूक कळली आणि ती प्रियंकाची नव्हती. मान ताठ असली की धरणारा बेफिकीर होतो. मान ढिली ठेवली की शिकवावं लागत नाही, हात आपोआप डोक्याखाली जातो. त्यानं बाळ पिशवीत घातलं, सायकलला अडकवलं आणि घरी आणलं.

आता त्यानं मानेत नुसती चिंधीची बारीक वळी ठेवली. डोक्यात वाळूची छोटी पुरचुंडी, बुडाशी मोठी. टाके घालून बाळ डाव्या हाताच्या घडीत घेतलं आणि उभा राहिला, डोळे मिटून. मग खाली बसून त्यानं पुन्हा टाके उसवले आणि मूठभर वाळू काढून टाकली.

"अजून हलकं करता?" कौसल्या म्हणाली. "आपला सुमेध तीन किलोचा भरला होता."

"आपली पोरगी एवढीच होती."

कौसल्याचा हात सुपातच थांबला.

ह्या घरात पोरीचा विषय निघत नसे. तिला नावसुद्धा नव्हतं, ठेवायला वेळच मिळाला नाही. बत्तीस वर्षांपूर्वी यवतमाळला दवाखान्यात कौसल्याचं पोट फाडून पोरगी काढली आणि कौसल्या पुढे दोन दिवस शुद्धीवर नव्हती. शुद्ध आली तेव्हा आईनं सांगितलं, आली तशी गेली बाई, गाववाल्यांनी माती दिली. उकंडा उगवला चौथ्या दिवशी, नखांत पडद्याचा निळा रंग घेऊन. तो रंग कौसल्यानं कधी माफ केला नाही. पोर मातीत जात होती आणि हा माणूस नाटकाचे पडदे रंगवत होता, एकदा हातसुद्धा लावला नाही तिला. हे तिनं त्याला भांडणात दोन-तीनदा तोंडावर सांगितलं होतं, मनात तर रोजच. सुमेध झाला, मोठा झाला, नागपूरला नोकरीला लागला, तरी ते तसंच राहिलं. उकंडानंही कधी नाही म्हटलं नाही.

"तुमाले काय ठाऊक केवढी होती थे?" तिचा आवाज चढला. "हात तरी लावला होता का तिले?"

उकंडा सुई ओवत होता. दोरा दोनदा चुकला.

"मीच आनली तिले," तो म्हणाला.

"कुठून?"

"यवतमाळहून. यष्टीनं."

कौसल्या त्याच्याकडे बघत राहिली. तो मात्र सुईकडेच बघून तुकड्यातुकड्यानं बोलत होता.

"म्हटलं, परक्या मातीत कायले, आपल्या मारेगावले नेऊ, माह्या मायले जिथी माती देली, तिथीच बाजूले ठेवू. पन मेलेलं लेकरू यष्टीत कोन बसू देईन? मंग झोपल्यासारखी धरली. बाजूले एक बाई होती. म्हने, किती दिवसाची? म्हटलं, कालची. म्हने, डोकं सांभाळा भाऊ, रस्ता खराब हाय. मारेगाव येईपर्यंत मान हालू देली नाही म्या."

"आन् मले सांगतलं काहून नाही?"

"काय सांगू? तुह्या मायलेबी सांगू देलं नाही. तू म्हनली असती, मले दाखवाले काहून नाही थांबले." त्यानं नाक ओढलं. "तिले ठेवलं आन् पडदा घेऊन बसलो. दोन दिस तुह्यासमोर यायची हिंमतच नाही झाली."

कौसल्याला आधी रागच आला. इतकी वर्षं ती ह्या माणसाला दगड म्हणत आली आणि ह्यानं निमूट ऐकून घेतलं, त्याचाच राग. काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. पण डोळे भरून आले आणि समोरचं काही दिसेना. तिनं सूप बाजूला सारलं आणि हात पुढे केले.

"आना इकडे."

त्यानं शेवटचा टाका घालून दोरा तोडला आणि बाळ तिच्या हातात दिलं. तिनं ते मांडीवर घेतलं. जड नव्हतंच. फडकं बाजूला करून पाहिलं तर आत नुसतंच पांढरं कापड होतं, ताणून शिवलेलं.

"तोंड कुठी हाय?"

"तोंड नसते काढत. गुंडाळलेलं राह्यते न, पब्लिकले दिसत नाही."

बाहेर रस्त्यावरून सोयाबीनच्या पोत्यांचा ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज पार जाईपर्यंत कौसल्या त्या पांढऱ्या कापडावरून बोट फिरवत राहिली.

"कोनावर गेलती?" कौसल्यानं विचारलं.

उकंडानं सुई सतरंजीत खोचली.

"तुह्यावर," तो म्हणाला. "नाक तेवढं माह्यं."

कौसल्यानं पदरानं तोंड स्वच्छ पुसलं. मग बाळ तसंच धरून ती दाराच्या उजेडाकडे सरकली आणि उकंडाकडे तोंड करून बसली.

"मंग काढा तोंड," ती म्हणाली. "म्या पाह्यलीच नाही तिले."