एकतिसाव्या खिशातलं कार्ड

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जुना म्हणजे फक्त सात वर्षांचा. तुमच्यात सात वर्षांची मुलं दुसरीत जातात, आमच्यात त्या वयाला म्हातारा म्हणतात. म्हातारी माणसं आपल्या पराक्रमाच्या गोष्टी रंगवून सांगतात. मला मात्र तुम्हाला एक लाजिरवाणी गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगायचं मी फार दिवस टाळत आलो आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या बायकांनी माझे भाग जोडले, मला पुसलं, खोक्यात घातलं. आपण एखाद्या विमानतळावर जाणार, असं मला उगीचच वाटत होतं. पण त्याच वर्षी सरकारने लहान दवाखान्यांना संगणक घेण्यासाठी अनुदान दिलं आणि माझी रवानगी एका दोन खोल्यांच्या दवाखान्यात झाली. योजनेच्या कागदावर पहिल्याच ओळीत छापलं होतं की, या अनुदानामुळे आरोग्यसेवेत नव्या कल्पनांना चालना मिळेल. ती नवी कल्पना म्हणजे मीच, अशी माझी समजूत झाली. मी खोक्यातल्या खोक्यातच फुगलो.

दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस येत. बाकी सगळा कारभार सिस्टरच्या अंगावर होता. सिस्टर बोलायला फटकळ, पण कामाला वाघ. त्यांच्या टेबलासमोर भिंतीवर दोन खिळ्यांना एक मोठं निळं कापड टांगलेलं होतं. त्याला छोटे छोटे बावन्न खिसे होते, वर्षाच्या प्रत्येक आठवड्याला एक. खिशांवर लाल दोऱ्याने आकडे काढले होते. ते कापड सिस्टरच्या डोक्यातून निघालं होतं आणि शिवलं होतं समोरच्या गल्लीतल्या शिंपीकाकांनी.

त्याची गंमत साधी होती. प्रत्येक पेशंटचं एक कार्ड असे. पुन्हा ज्या आठवड्यात यायचं, त्या आठवड्याच्या खिशात ते कार्ड जाई. माणूस येऊन गेला की कार्ड पुढच्या खिशात. शनिवारी दुपारी सिस्टर त्या आठवड्याचा खिसा चाचपून बघत. खिशात कार्ड उरलं असेल, तर तो माणूस आला नाही. मग त्या कुणाच्या ना कुणाच्या हाती निरोप धाडत. कधी दूधवाल्याच्या, कधी पोस्टमनच्या, आणि कुणीच नाही सापडलं तर स्वतः चपला अडकवून निघत.

त्या कापडाकडे बघून मला हसू आलं होतं, मित्रांनो. मी मनात म्हटलं, हे फडकं आणि मी एका खोलीत!

पहिल्याच महिन्यात योजनेचे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. घाम पुसत पुसत त्यांनी सिस्टरना अटी वाचून दाखवल्या. आलेल्या प्रत्येक पेशंटची नोंद त्याच दिवशी संगणकात झाली पाहिजे. आणि नववी अट, दुहेरी नोंद ठेवायची नाही.

"म्हणजे हे कापड काढायचं?" सिस्टरनी विचारलं.

"काढावंच लागेल, सिस्टर. एका ठिकाणी संगणक खोक्यातच राहिला आणि लोक वह्याच भरत बसले. म्हणून ही अट घातली. आणि आता सगळं यातच आहे की!"

"यात न आलेले दिसतील का?"

"दिसेल हो सगळं," साहेब म्हणाले, आणि त्यांचा त्यावर खरोखरच विश्वास होता.

सिस्टरनी तीन दिवस बसून एकेक कार्ड काढून माझ्यात उतरवलं आणि पुन्हा त्याच्या खिशात ठेवलं. पुढची तारीख लिहायला माझ्यात एक चौकोन होता, त्यात तारखाही भरल्या. मग खिसे रिकामे झाले आणि कार्डं एका पुठ्ठ्याच्या खोक्यात गेली. कापड टाकवेना, म्हणून त्यांनी ते दुमडून, दोन टाके घालून माझी गवसणी केली. रोज संध्याकाळी ते माझ्या अंगावर पडू लागलं.

आता माझी लाज इथून सुरू होते. ती पुढची तारीख माझ्यात नुसती पडून असे. ती उलटून गेली तरी मी चकार शब्द काढत नसे. मला तसं कुणी शिकवलंच नव्हतं, कारण अटींमध्ये ते कुठे लिहिलेलं नव्हतं. कोण आलं, कधी आलं, किती आले, हे मी घडाघडा सांगे. कोण आलं नाही, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. नोंदी करता करता सिस्टरची मान अवघडून जाई. शनिवारची दुपारही त्यातच जाऊ लागली.

साहेब पुन्हा आले ते प्रशस्तिपत्र घेऊन. 'नावीन्यपूर्ण कामाबद्दल', असं त्यावर सोनेरी अक्षरांत होतं. फोटो काढायच्या वेळी ते म्हणाले, "ते फडकं जरा बाजूला ठेवा." सिस्टरनी गवसणी काढून खुर्चीवर ठेवली. फोटोत मधोमध मी आहे. सिस्टर कडेला आहेत, अर्ध्या. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली आणि मी ती आनंदाने थोपटून घेतली.

त्यानंतर दोन महिन्यांनी एका सकाळी शिंपीकाका आले. मुलीने त्यांचा हात धरला होता. काकांना साखरेचा आजार होता. दर सहा महिन्यांनी त्यांना डोळे तपासायला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागे.

"काय हो काका, कुठे होता इतके दिवस?" सिस्टरनी विचारलं.

"घरीच. सुईत दोरा ओवेना झालाय, सिस्टर. आधी वाटलं चष्मा बदलायला झाला असेल. आता डाव्या डोळ्यापुढे काळंच येतंय."

सिस्टरनी घाईघाईने मला सुरू केलं. मी काकांचं नाव दाखवलं, आलेले तीन दिवस दाखवले. त्याखाली ती तारीख होती. उलटून पाच महिने झाले होते.

"अहो, मग आला का नाहीत?" सिस्टरचा आवाज चिरकला.

काका ओशाळून हसले. "तुमचा निरोप नाही आला. दर वेळी दूधवाला सांगायचा, सिस्टर डोळे वटारून बसल्यात, जा. या वेळी कुणी काही बोललं नाही. म्हटलं, अजून वेळ झाली नसेल."

सिस्टर उठल्या आणि डॉक्टरांना बोलावायला बाहेर गेल्या. काका चाचपडत माझ्या शेजारी बसले. काढून ठेवलेली गवसणी टेबलावर होती. त्यांचा हात तिच्यावर पडला आणि बोटं आपोआप शिवणीवरून फिरू लागली.

"ही तर माझी शिवण," ते मुलीला म्हणाले. "हे बघ, खिशाच्या कोपऱ्याला मी दुहेरी टाका घालतो." बोटं एका दुमडीत शिरली आणि थांबली. "यात काहीतरी आहे गं."

त्यांनी दोन बोटांनी ते ओढून बाहेर काढलं. एक कार्ड होतं. मुलीने मोठ्याने वाचलं. वर तिच्याच बाबांचं नाव. खाली सिस्टरच्या अक्षरात, 'आठवडा एकतीस. डोळे. नाही आले तर निरोप.'

मित्रांनो, ते कार्ड कोपऱ्यातल्या शिवणीत अडकून राहिलं होतं. काकांची तारीख माझ्या पोटात होती आणि पाठीवरही होती. रोज संध्याकाळी मी ती अंगावर घेऊन झोपत होतो. आणि भिंतीवर माझं प्रशस्तिपत्र लटकत होतं.

सिस्टर दारात उभ्या होत्या. त्यांनी कार्ड हातात घेतलं आणि काकांच्या शेजारी बाकड्यावर बसून त्या ढसाढसा रडल्या. काकाच त्यांना म्हणत राहिले, "अहो, असू द्या. तुम्ही काय करणार?" मला कुणीच काही बोललं नाही. त्यापेक्षा कुणी दोन फटके मारले असते तर बरं वाटलं असतं.

काकांचा डावा डोळा गेला. उजवा वाचला.

सिस्टरनी साहेबांना बोलावून घेतलं आणि कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. साहेब बराच वेळ ते उलटसुलट करून बघत राहिले.

"नववी अट मीच लिहिली होती," ते हळूच म्हणाले.

त्यांनी वर जाऊन भांडणं केली, पुष्कळ कागद फिरवले. पुढच्या वर्षीच्या अनुदानातला एक हिस्सा दवाखान्याला स्वतःला जे सुचेल त्यासाठी मोकळा ठेवला गेला. त्यातून एक इंजिनियर बाई आल्या. त्यांनी दोन दिवस मला हातसुद्धा लावला नाही, नुसत्या सिस्टरजवळ स्टूल टाकून बसल्या. सिस्टरनी गवसणीचे टाके उसवले आणि कापड पुन्हा खिळ्यांना टांगलं. बाईंनी ते बघून माझ्यात बावन्न चौकोन काढले. आता शनिवारी दुपारी मी सर्वांत आधी न आलेल्यांची नावं दाखवतो. ऐकतो की आता आणखी वीस दवाखान्यांतले संगणकही तसंच करतात.

सरकारी पैशाने नव्या कल्पना सुचतात का, असं मला कुणी विचारलं, तर मी काय सांगू? एवढंच सांगता येईल की, एक चांगली कल्पना माझ्यासमोर खिळ्याला टांगलेली होती, आणि माझ्यासाठी ती खाली उतरवली गेली. नंतर त्याच पैशाने ती वीस ठिकाणी पोचली. पण काकांचा डोळा परत आला नाही.

कापड भिंतीवर गेल्यामुळे मी उघडा पडलो होतो. एके दिवशी शिंपीकाका नवी गवसणी घेऊन आले. मुलीने सुईत दोरा ओवून दिला होता, शिवण काकांची होती. थोडी वाकडी, पण कोपऱ्याला दुहेरी टाका. गवसणीला बाहेरून एकच खिसा होता.

"याला खिसा कशाला हो, काका?" सिस्टरनी विचारलं.

"माझं कार्ड ठेवायला," काका हसत म्हणाले. "एवढा शहाणा झालाय म्हणे हा. तरी विसरलाच, तर हाताशी असावं."

ते कार्ड आजही माझ्या अंगावर आहे. मित्रांनो, तुमच्या वर्गात रोज हजेरी होते. आलेली मुलं 'हजर' म्हणतात. जो आलेला नाही, तो काहीच म्हणत नाही. शाळा सुटली की त्याच्या घरी एकदा डोकावून या. एवढंच काम होतं, आणि ते माझ्या हातून झालं नाही.