प्लास्टरची चड्डी

ओटिली क्रेन्झलेनं पाथरवटांच्या शेडमध्ये पाऊल टाकलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

टेबलावर दगडी माणूस ओणवा होता, उघडं ढुंगण वर करून. ती चर्चच्या छपराची पन्हळ होती; पावसाचं पाणी त्या ढुंगणातून बाहेर पडायचं, थेट टाउन हॉलच्या दिशेनं. पाचशे वर्षांपूर्वी नगरसभेनं पाथरवटांची पंचायत मोडली, त्यांच्या प्रमुखाला गावाबाहेर हाकललं. मागे राहिलेल्यांनी दिलेलं ते उत्तर होतं. मूळ मूर्ती युद्धात बॉम्बनं फुटली. एक्कावन्न साली ओटिलीच्या वडिलांनी ती हुबेहूब पुन्हा घडवली. आता साफसफाईसाठी ती खाली उतरवली होती, आणि बैठकीवर कुणीतरी निळ्या खडूनं, ढुंगण कुठे वळवायचं ते दाखवणारा, नवा बाण काढला होता. नदीच्या बाजूला.

"हा बाण कुणाचा, सेवेरिन?"

मुख्य पाथरवट सेवेरिन छिन्नी पुसत राहिला. "माझाच, मावशी. नगराध्यक्षांचा हुकूम आहे. टाउन हॉलच्या गच्चीवर लग्नाचे फोटो काढतात, त्यात मागे हे दिसतं."

"पाचशे वर्षांत कुणाचं लग्न मोडलं त्यानं?"

"नाही म्हटलं तर शेडला कुलूप लावून बाहेरची कंपनी आणतील. सहा माणसं आहेत माझ्या हाताखाली." मग तो डोळे मिचकावून म्हणाला, "पण पक्का बसवणारच नाही मी. नगराध्यक्ष निवडणूक हरले की गुपचूप फिरवू. तुमच्या बाबांनी नाही का, प्लास्टरची चड्डी..."

ती गोष्ट साऱ्या गावाला पाठ होती. आलुबुखाराचा केक कापता कापता ओटिलीनंच ती शंभरदा सांगितली होती. तेव्हाचे नगराध्यक्ष म्हणाले, मूर्तीला चड्डी हवी. बाबांनी मुकाट्यानं प्लास्टरची चड्डी चढवली, फोटो निघाले, भाषणं झाली. वसंतापर्यंत पावसानं चड्डी विरघळली आणि गाव पोट धरधरून हसलं.

आज तिला हसू येईना. गोष्ट सांगताना ती नेहमी गाळायची ते आठवलं. तो अख्खा हिवाळा बाबा चर्चमध्ये मागच्या दारानं जात. वर बघत नसत. एकदा सूप पिताना म्हणाले होते, "घाबरलो गं मी, ओटी."

"ती युक्ती नव्हती रे!" तिनं टेबलावर मूठ आपटली. "भीती होती ती! आणि मी मूर्ख, सत्तर वर्षं तिचा विनोद करून सांगत आले. तुझी पोरंही उद्या असंच हसून सांगणार का?"

सेवेरिनची मान खाली गेली.

तेवढ्यात नगराध्यक्ष हेन्सलर आत आले. "अरे वा, आजी! जुन्या आठवणी काढताय?"

"मी तुमची आजी नाही. असते तर कान उपटले असते."

"झालं का ठरल्याप्रमाणे?" त्यांनी सेवेरिनला विचारलं.

सेवेरिननं फडकं ओलं केलं. सावकाश बाण पुसला. "होता तिथेच बसेल, होता तसाच. तुमच्या तोंडावर सांगतोय."

"उद्या इथे कुलूप लागेल."

"लावा." सेवेरिनचा आवाज कापत होता, पण मान ताठ होती. उत्तरेकडच्या फुटक्या पन्हळीसाठी आणलेला कोरा दगड कोपऱ्यात उभा होता. त्याला कुणाचा चेहरा द्यायचा ते अजून ठरलं नव्हतं. कानावरची पेन्सिल काढून तो त्या दगडापाशी गेला.

"साहेब, आजचा दिवस तरी शेड उघडी आहे ना? मग जरा उजेडाकडे वळा. तुमचं नाक नीट दिसत नाहीये."